पोस्ट बेसिकची दोन वर्षे आणि नर्सची नोंदणी

बारावीचा निकाल लागला की वॉर्डातल्या रुग्णांचे नातेवाईक, गल्लीतले शेजारी आणि गावाकडचे पाहुणे यांच्याकडून एक प्रश्न मला हमखास येतो. "सिस्टर, दोन वर्षांत पुरा होणारा नर्सिंगचा कोर्स कुठला हो?" विचारणाऱ्याची निकड खरी असते. पाठीमागे धाकटी भावंडे असतात, उसाचे बिल हप्त्याहप्त्याने हाती येते, मुलीने लवकर स्वतःच्या पायावर उभे राहावे असे आईवडिलांना वाटते आणि नर्सिंग केले की पोटापाण्याची चिंता मिटते, हा भरवसा कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात फार जुना आहे. मिरजेत १८९४ साली सुरू झालेल्या डॉ. वानलेस यांच्या इस्पितळापासून कोल्हापुरातल्या आमच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत या भागाने नर्सेस पिढ्यान्‌पिढ्या जवळून पाहिल्या आहेत. मी स्वतः आधी जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसविकेची पदविका केली, काही वर्षे इथल्याच एका खाजगी रुग्णालयात ड्युटी केली आणि त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग ही पदवी घेतली. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, हे मला ठाऊक आहे आणि म्हणूनच ते इथे सविस्तर लिहीत आहे.

बारावीनंतर दोन वर्षांत पुरा होणारा आणि नर्सची नोंदणी करणाऱ्या परिचर्या परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम म्हणजे एएनएम. तो पूर्ण करणारी मुलगी सहाय्यक परिचारिका प्रसविका म्हणून नोंदली जाते आणि तिचे मुख्य कार्यक्षेत्र असते गावातले आरोग्य उपकेंद्र. सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. आपल्या जिल्ह्यात चंदगड, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर लसीचा थंड डबा खांद्याला लावून जाणाऱ्या, गरोदर बाईचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासणाऱ्या, ऊसतोड मजुरांच्या पालांवर जाऊन लेकरांचे राहिलेले डोस पुरे करणाऱ्या सिस्टर बहुतेक वेळा एएनएम असतात. या कामाला कुणी कमी लेखलेले मला खपत नाही. परंतु मोठ्या रुग्णालयातल्या स्टाफ नर्सची, सरकारी भाषेत अधिपरिचारिकेची जागा एएनएमवर मिळत नाही. त्यासाठी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग लागते. जीएनएम आता तीन वर्षांचे आहे, आमच्या वेळी ते साडेतीन वर्षांचे होते, आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे आहे. या दोन्ही वाटांनी गेलेली मुलगी किंवा मुलगा नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसविका, म्हणजे आम्ही नावापुढे आरएन-आरएम असे लिहितो, ते होतो. बारावीनंतर थेट दोन वर्षांत या अर्थाने रजिस्टर्ड नर्स होण्याची वाट आपल्या देशात नाही. हे वाक्य मी मुद्दाम इतके सरळ लिहिते आहे.

दोन वर्षांची पदवी आहे, पण ती नर्स झालेल्यांसाठी आहे. जीएनएम पूर्ण करून परिषदेकडे आरएन-आरएम म्हणून नाव नोंदवलेल्या व्यक्तीलाच पोस्ट बेसिक बीएस्सीला प्रवेश मिळतो. म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात बसलेली प्रत्येक मुलगी आधीच नर्स असते. कुणी आयसीयूतून आलेली असते, कुणी प्रसूतिगृहातून, कुणी पाच-सहा वर्षे फक्त नाईट केलेली असते.

"दोन वर्षांत नर्स व्हा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर आणि मोबाईलवर तरीही दिसतातच. त्यांतल्या कित्येक संस्था रुग्णसहायकाचे कोर्स चालवतात. रुग्णाला अंघोळ घालणे, कुशी बदलणे, बेडपॅन देणे, व्हीलचेअरवर नीट बसवणे ही कामे शिकवली तर त्यात गैर काहीच नाही, उलट अशा शिकलेल्या हातांची रुग्णालयांना फार गरज आहे. गैर आहे ते या शिक्षणाला नर्सिंग म्हणून विकणे. एका तालुक्याच्या गावातली मुलगी वडिलांना घेऊन आमच्याकडे नोकरी विचारायला आली होती. फाईलमध्ये जाड कागदावरचे रंगीत प्रमाणपत्र होते, सोनेरी शिक्का होता, पांढऱ्या गणवेशातला फोटो होता. नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. मेट्रन मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिकेने, तो विचारला तेव्हा मुलगी गप्प झाली आणि वडील म्हणाले, "अवो मॅडम, दोन वरसं पांढरा ड्रेस घालून रोज गेलीया की वो ती." फीसाठी त्यांनी विकास सोसायटीचे कर्ज काढलेले होते. मेट्रन मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून, चहा देऊन सगळे समजावून सांगितले, पण त्या घराची दोन वर्षे आणि ते पैसे परत येणार नव्हते. अशा मुली मग लहानमोठ्या दवाखान्यांत तुटपुंज्या पगारावर लागतात, त्यांना लोक सिस्टरच म्हणतात आणि त्यांच्या हातून सलाईन लावून घेतात.

यात काय बिघडते, असे विचारणारे सुशिक्षित लोकही मला भेटले आहेत. त्यांच्यासाठी एकच उदाहरण देते. डॉक्टरांनी ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायला सांगितले आहे आणि हाताशी असलेल्या सेटमधून २० थेंबांना एक मिली पडतो. ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. हे गणित करून, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत चेंबरमधले थेंब मोजून चाकी लावायची असते. लहान मुलांच्या मायक्रो सेटमध्ये एका मिलीला ६० थेंब असतात, तिथे तोच आकडा लावला तर हिशेब पार बदलतो. आता त्याच ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराईडचे अँप्यूल ठेवलेले आहे. ते पाण्यासारखेच स्वच्छ दिसते. ते सलाईनमध्ये मिसळून, सावकाश, ठरलेल्या वेगानेच द्यायचे असते आणि सिरिंजने थेट शिरेत दिले तर माणसाचे हृदय जागीच थांबू शकते. ट्रे हातात घेणाऱ्या व्यक्तीला हे माहीत आहे की नाही, हे तिच्या गणवेशावरून कळत नाही. ते कळण्याची समाजाकडे असलेली सोय म्हणजे नोंदणी. नोंदवहीत नाव असलेल्या नर्सने हलगर्जीपणा केला तर परिषद तिला जाब विचारू शकते, तिचे नाव काढूनही टाकू शकते. ज्याचे नावच कुठे नाही, त्याला कुणी जाब विचारायचा?

आपल्या राज्यात ही नोंदवही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे, मुंबईत असते. तिला महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ चा आधार आहे. देशपातळीवर शिक्षणाचा दर्जा ठरवणारी भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेचे नाव मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का, कोणत्या अभ्यासक्रमासाठी आहे आणि किती जागांसाठी आहे, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. एएनएमची मान्यता असलेली संस्था जीएनएमचे प्रवेश देत असेल, तर त्या मान्यतेचा जीएनएमच्या मुलीला काडीचाही उपयोग नाही.

कोल्हापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे जरुरीचे आहे. कागल ओलांडले की कर्नाटक लागते, त्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुले बेळगाव, बंगळूर इथे नर्सिंगला जातात. तिथले शिक्षण चांगले असू शकते, पण तिथे शिकलेल्या मुलाची पहिली नोंदणी कर्नाटकच्या परिषदेकडे होते आणि महाराष्ट्रात नोकरी करायची तर तिथल्या परिषदेची कागदपत्रे आणून इथे पुन्हा नाव नोंदवावे लागते. त्यात महिने जातात. नोकरीची जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा निकाल हाती येताच हे काम सुरू करावे.

आता माझ्या पदवीविषयी. पोस्ट बेसिक हा पूर्णवेळ, नियमित अभ्यासक्रम आहे. नोकरी सांभाळून तो करता येईल असे मला सुरुवातीला अनेकांनी सांगितले, पण लेखी विषयांना ८० टक्के हजेरी आणि क्लिनिकलचे तास पदवी मिळण्यापूर्वी शंभर टक्के पुरे करणे बंधनकारक असते. सरकारी सेवेतल्या बहिणी नियमाने परवानगी घेऊन येतात. खाजगीत असलेल्या आम्हा बहुतेकींना नोकरी सोडावी लागली. घरातला एक पगार दोन वर्षे बंद होणार, हा निर्णय एकटीचा नसतो. माझे मिस्टर गप्पच होते. सासूबाई मात्र म्हणाल्या, "शिक बाई, पोराचं मी बघतो." आमच्याकडच्या बायका बोलताना 'बघतो', 'करतो' असेच म्हणतात आणि त्या एका वाक्यावर माझी दोन वर्षे निभावली.

पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, जीवरसायन आणि जीवभौतिकी, मानसशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन, मातृ आरोग्य, बाल आरोग्य, मेडिकल-सर्जिकल नर्सिंग आणि इंग्रजी असे विषय असतात. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, नर्सिंग शिक्षण, नर्सिंग प्रशासन, संशोधन आणि संख्याशास्त्र येतात. परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण आवश्यक. ज्या मुलीने बारावी कला शाखेतून करून जीएनएम केलेले असते, तिला जीवरसायन पहिले काही महिने अक्षरशः घाम फोडते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीतली लांब उत्तरे जड जातात. दोन्हींवर उपाय एकच होता, रोज थोडे लिहिणे, आणि तो उपाय लागू पडला.

जीएनएमने माझ्या हातांना काम शिकवले होते. पोस्ट बेसिकने त्या कामामागची कारणे मला माझ्या तोंडाने सांगायला आणि माझ्या अक्षरात लिहायला लावली. बेडसोअरचे, म्हणजे पडून राहिल्याने अंगाला होणाऱ्या जखमांचेच पाहा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कुशी दर दोन तासांनी बदलायची, हे मी वर्षानुवर्षे करत आले होते आणि नेमाने करत आले होते. मेडिकल-सर्जिकलच्या मॅडमनी आम्हाला एकेका रुग्णाजवळ उभे करून ब्रेडन स्केल, म्हणजे अशा जखमांचा धोका मोजणारा तक्ता भरायला सांगितले. त्यात सहा गोष्टी पाहतात. रुग्णाला दुखल्याचे जाणवते का, कातडी किती ओलसर राहते, तो किती हिंडतो-फिरतो, अंथरुणात स्वतःहून किती हलतो, पोटात अन्न किती जाते आणि अंग गादीवर घासले किंवा खेचले जाते का. एकूण गुण ६ ते २३ आणि १८ किंवा त्याखाली आले की धोका धरायचा. माझ्या वाट्याला पक्षाघाताचे एक आजोबा होते. त्यांची कुशी वेळच्या वेळी बदलली जात होती, तरी माकडहाडावर लाली दिसू लागली होती. बेडचे डोके उंच करून ठेवल्यामुळे ते दिवसभर हळूहळू खाली सरकत होते. कातडी गादीला चिकटून वर राहत होती आणि आतले मांस खाली ओढले जात होते. पलंगाचे डोके ३० अंशांपर्यंत खाली घेणे, गुडघ्यांखाली आधार देणे, वर सरकवताना काखेत हात घालून ओढण्याऐवजी दोघींनी ड्रॉशीट, म्हणजे रुग्णाखाली आडवी घातलेली चादर धरून उचलणे आणि सुनेला पेजेत अंडे किंवा डाळ वाढवायला सांगणे, एवढे मी केअर प्लॅनमध्ये कारणांसह लिहिले. मॅडमनी वहीच्या समासात लिहिले होते, "प्रत्येक ओळीपुढे कारण आहे. असेच लिहीत जा." ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

दुसऱ्या वर्षी मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात गेलो. तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा एक लेखनप्रकार करावा लागतो. रुग्णाशी झालेला संवाद जसाच्या तसा आठवून लिहायचा. एका रकान्यात रुग्ण काय म्हणाला, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात त्या वेळी त्याचा चेहरा, हात, नजर कशी होती आणि चौथ्यात मी तसे का बोलले. कागदावर हे सोपे वाटते. माझ्याशी बोलणाऱ्या एका बाईंनी सांगितले की घरचे त्यांना न्यायला उद्या येणार आहेत. त्या हे रोज सांगत असत, असे तिथल्या सिस्टरनी मला आधीच सांगितले होते. "हो, येतील," असे म्हणणे सोपे होते आणि "नाही येणार," असे म्हणणे क्रूर होते. मी त्यांना विचारले, "घरची आठवण येते का?" त्यावर त्या पहिल्यांदा घराविषयी बोलल्या, अंगणातल्या रातांब्याच्या झाडाविषयी, धाकट्या दिराविषयी. चौथ्या रकान्यात त्या एका प्रश्नाचे कारण लिहायला मला अर्धे पान लागले. माझ्या मते पोस्ट बेसिकमधला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि परीक्षेत त्याला मिळणारे महत्त्व त्या मानाने फारच कमी आहे. पुढे साध्या वॉर्डातही, ऑपरेशनला घाबरलेल्या रुग्णाला "काही होत नाही" असे झटकन म्हणून टाकण्याऐवजी नेमके कशाचे भय वाटते ते मी विचारू लागले. पुष्कळदा ते भय आजाराचे नसतेच, बिलाचे असते.

सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत काम होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये या भागाने महापूर सोसलेला आहे, त्यामुळे तिथल्या बायका पुरानंतरच्या आजारांविषयी आम्हालाच चार गोष्टी सांगू शकत होत्या. पाण्याच्या नमुन्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, हे एका आजींनी माझ्या आधी ओळखले. आमचे काम त्यांच्या माहितीत राहिलेल्या फटी भरण्याचे होते. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस कसा होतो, पायांवरच्या जखमा झाकून का ठेवायच्या, आरोग्य केंद्रातून दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी आठवड्यातून एकदा आणि जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर का घ्यायची आणि गरोदर बाईने ती स्वतःच्या मनाने का घेऊ नये, हे घरोघर जाऊन सांगितले.

प्रशासनाच्या विषयाने मात्र मन खट्टू केले. परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स असावी. हे आकडे पाठ करून आम्ही परीक्षेत लिहीत होतो आणि वर्गातल्या प्रत्येकीने नाईटला एकटीने याच्या कितीतरी पट रुग्ण सांभाळलेले होते. वेळापत्रक कसे लावावे, रजा कशा वाटाव्यात, हँडओव्हर कसा लिहावा हे शिकणे उपयोगाचे आहेच. पण पुरेशा नर्सेस नेमल्याशिवाय उत्तम शुश्रूषा होत नाही, आणि ही गोष्ट वर्गात जितक्या स्पष्टपणे सांगतात तितक्याच स्पष्टपणे रुग्णालये चालवणाऱ्यांना कुणीतरी सांगितली पाहिजे.

संशोधनाचा प्रकल्प गटाने करतात. मधुमेही रुग्णांना पायांच्या काळजीविषयी किती माहिती आहे, हा आमचा विषय होता. आधी प्रश्नावली, मग शिकवणे, मग पुन्हा तीच प्रश्नावली, असा ठरलेला साचा आहे आणि गुण वाढतातच. मला आवडले असते ते हे, की सहा महिन्यांनी त्याच माणसांच्या पायांची खरोखर तपासणी करावी. तेवढा वेळ अभ्यासक्रमात नाही.

जीएनएमला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि तिच्याकडून मला तिथली दोन वर्षांची पदवी समजली. तिथे शाळेनंतर सामुदायिक महाविद्यालयात साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन खरोखरच रजिस्टर्ड नर्स होता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसची टंचाई असताना मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील आपल्या संशोधनात ही कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये ती प्रयोग म्हणून काही महाविद्यालयांत सुरू झाली. दोन वर्षांची पदवी असो की चार वर्षांची, परवान्यासाठी एन्क्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा द्यावी लागते. ती संगणकावर होते, उत्तरे पाहून पुढचा प्रश्न कठीण किंवा सोपा येतो आणि एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असतात. वेळ पाच तास. तिथेही पुढे पदवी वाढवण्याचा आग्रह आहेच. २०१० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस चार वर्षांच्या पदवीच्या असाव्यात अशी शिफारस केली आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदाच केला की नव्या रजिस्टर्ड नर्सने दहा वर्षांत ती पदवी घ्यावी. आमचे जीएनएम आणि नंतरचे पोस्ट बेसिक यांचे नाते तिथल्या या दोन पायऱ्यांशी बरेच जुळते. मात्र मोबाईलवर अमेरिकेतली माहिती वाचून "दोन वर्षांत आरएन" असे जे कुणी इथल्या पालकांना सांगतात, ते तिथला नियम इथे लावतात. इथल्या दोन वर्षांच्या एएनएमने तिथली परीक्षा देता येईल, असा समज कुणी करून घेऊ नये.

पदवी हाती आल्यावर माझे नाव नोंदवहीत आधीपासूनच होते, त्यामुळे नव्याने नोंदणी लागली नाही. अतिरिक्त शैक्षणिक अर्हता म्हणून पोस्ट बेसिकची नोंद करून घ्यावी लागते आणि ती अनेक जणी करतच नाहीत. पदवी कपाटात राहते आणि परिषदेच्या लेखी ती बाई अजून जीएनएमच असते. पुढे पाठ्यनिर्देशिकेच्या, म्हणजे नर्सिंग शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या जागेसाठी किंवा परदेशी अर्ज करताना नेमकी तीच नोंद मागतात. जीएनएमचे नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, नावात बदल असेल तर विवाहाचा दाखला आणि राजपत्र, हे सगळे आधीच एका जागी ठेवावे. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींचे अर्ज सर्वांत जास्त अडकतात. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात कार्यशाळा, परिषदा यांचे श्रेयांक जमवावे लागतात. राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी हा स्वतःचा ओळख क्रमांकही प्रत्येकीने घेऊन ठेवावा. पुढे एमएस्सी नर्सिंग करायचे असेल तर पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो, म्हणून निव्वळ पास होण्यापुरता अभ्यास करू नये.

मी आता त्याच रुग्णालयात परत आले आहे आणि नव्या मुलींना वॉर्डात शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. माझ्या बहिणीची मुलगी यंदा बारावी विज्ञानाला आहे. तिला मी बीएस्सी नर्सिंगची सामाईक प्रवेश परीक्षा द्यायला सांगितले आहे, कारण जीवशास्त्र तिच्याकडे आहे आणि चार वर्षे शिकवण्याची घरच्यांची तयारी आहे. तिची मैत्रीण कला शाखेला आहे, घरची परिस्थिती बेताची आहे. तिच्यासाठी जीएनएम बरे, आणि तेही जमत नसेल तर मान्यता असलेल्या संस्थेतून एएनएम. नोंदणी झालेल्या एएनएमला पुढे जीएनएमला जाता येते आणि जीएनएमनंतर पोस्ट बेसिक आहेच. दोघींच्या आयांना मी संस्थांची यादी कशी पाहायची ते दाखवले आहे आणि रविवारी सुटी असेल तेव्हा दोन्ही मुलींना घरी बोलावून माझ्या जुन्या केअर प्लॅनच्या वह्या त्यांना देणार आहे.